पाण्यावरचे ऊन

मराठीत उन्हाला नावे पुष्कळ. सकाळचे ते कोवळे, माध्यान्हीचे रणरणते, पावसाच्या सरींमधून डोकावणारे ते हळदीचे. कौलातल्या फटीतून घरात उतरते ती तिरीप, आणि दिवस कलला की ‘उन्हे उतरली’. रथसप्तमीला आपण सूर्याची पूजा करतो, लहान मुलाला तेल लावून कोवळ्या उन्हात निजवतो, आणि आपले अनुभवीपण सांगताना केस उन्हाने पांढरे झाले नाहीत असे बजावतो. एवढ्या नावांत पाण्यावरच्या उन्हाला मात्र नाव नाही. निदान आम्हा घाटमाथ्यावरच्या लोकांच्या बोलीत तरी आम्ही ते ऐकलेले नाही. कारण उघड आहे. आपल्या वाडवडिलांचा संबंध रानाशी, शेताशी आणि कुळागराशी. नदी ही ओलांडण्याची, घागर भरण्याची, फार तर मासे धरण्याची जागा. दिवसाचे सहा-सात तास पाण्यावरच काढायचे, हा उद्योग आपल्या घरांत कोणी केलेला नव्हता.

तो उद्योग आता आला आहे, आणि त्याबरोबर एक साधा प्रश्नही आला आहे. पाण्याने धुऊन न जाणारे, दिवसभर टिकणारे, उन्हापासून कातडी राखणारे मलम कोठे मिळते, आणि मिळत नसेल तर ते घरी करता येते काय? साहित्यमंडळाच्या अंकात मलमावर निबंध कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु या प्रश्नाचा शोध घेताना आम्हाला जे कळले, ते आपल्या तालुक्यातील बऱ्याच घरांच्या उपयोगाचे आहे असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

काळी नदी आपल्याच जोयडा तालुक्यातल्या डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटरांचा प्रवास करून कारवारजवळ अरबी समुद्राला मिळते. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, आणि तालुक्याचे ठाणे होते सुपा. पुढे गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, १९८०च्या दशकात सुपा पाण्याखाली गेले, ठाणे जोयड्याला आले आणि कित्येक कुटुंबे रामनगरला वसवली गेली. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी त्या स्थलांतराच्या आठवणी अजून निघतात. त्याच धरणातून वीज निर्माण करण्यासाठी जे पाणी सोडले जाते, त्याच्या जोरावर खाली खडकाळ पात्रात रबरी तराफे चालतात. राफ्टिंग म्हणतात ते हेच. ज्या पाण्याने आजोबांचे घर गिळले, त्या पाण्यावर नातू वल्हे मारून पोट भरतो, असे आता आपल्याकडे घडते आहे.

आमच्या घरातला एक पुतण्या या कामावर आहे. हंगामात पर्यटकांना घेऊन नदीत असतो, आणि सवड मिळाली की गोकर्णच्या किनाऱ्यावर जाऊन लाटेवर फळीवर उभे राहण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, शिकतो. हा खेळ आपल्या किनाऱ्याला नवाच. मुल्की येथे २००४ मध्ये निघालेल्या मंत्र सर्फ क्लबाने त्याला कर्नाटकात पाय रोवून दिले. पुढे टोकियोच्या, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ मध्ये झालेल्या, ऑलिंपिकमध्येही त्याचा समावेश झाला. नदी असो वा समुद्र, मुलगा दिवसभर पाण्यावर. गेल्या उन्हाळ्यात घरी आला तेव्हा नाकाचे साल निघालेले, खालचा ओठ उकललेला, मानेवर काळा पट्टा, आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकू पाहणारा मांसाचा एक बारीकसा पडदा. डॉक्टरांनी सांगितले, ऊन आणि वारा यांचे हे काम आहे, आता जपा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी “काळा पडलास रे” एवढेच म्हटले. त्याने आमच्याकडे येऊन मागणी केली ती अशी: “काका, एकदा लावले की संध्याकाळपर्यंत पाण्याने जाता कामा नये, असे काहीतरी शोधून द्या. दुकानात मिळते ते पहिल्याच धारेला वाहून जाते.”

या मागणीला आपल्या समाजात एक विचित्र अडचण आहे. दुकानात उन्हाचे मलम ठेवलेले असते ते गोरेपणाच्या क्रीमशेजारी. त्यामुळे ती मुलींनी लावायची, लग्न ठरेपर्यंत वापरायची वस्तू, असा समज रुजला आहे. उन्हात काम करणाऱ्या पुरुषाने ती मागितली तर दुकानदार हसतो. रंग राखणे आणि कातडी राखणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे प्रथम आपल्या घरांत स्पष्ट व्हायला हवे.

ऊन पाण्यावर अधिक का लागते, ते पाहू. कातडी भाजते ती उष्णतेने नव्हे, अतिनील किरणांनी. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला ऊबही देत नाहीत. नदीवर गार वारा असतो, अंग भिजलेले असते, चटका जाणवत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत उसळवतो. पाण्यात अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के किरण पोहोचतात. विरळ ढग असले तरी ८० टक्क्यांहून अधिक आरपार येऊ शकतात. म्हणजे टोपीने वरचे ऊन अडवले तरी खालून येणारे उरतेच. त्यातून आपला तालुका सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या आरंभी आणि ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास असा वर्षातून दोनदा सूर्य येथे दुपारी नेमका डोक्यावर येतो. पहिली वेळ पर्यटकांच्या ऐन गर्दीची.

आपल्या सावळ्या कातडीला निसर्गाने काही संरक्षण दिले आहे, हे खरे. मेलॅनिन हे आपले जन्मजात कवच; सूर्यपुत्र कर्णाची आठवण व्हावी असे. गोऱ्या कातडीच्या लोकांना होणारा त्वचेचा कर्करोग आपल्यात त्यामानाने बराच कमी आढळतो. परंतु हे कवच अभेद्य नाही. कातडी भाजणे, काळे डाग, अकाली सुरकुत्या, उकललेले ओठ यांपासून ते पुरते वाचवत नाही, आणि डोळ्यांना तर त्याचा काहीच उपयोग नाही.

वरून लावायच्या कवचाचा आजचा प्रकार फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धात उष्ण प्रदेशांतील अमेरिकी सैनिकांना लाल रंगाचे, घट्ट, चिकट पेट्रोलियम मलम दिले जाई. फ्रान्झ ग्राइटर या ऑस्ट्रियन रसायनज्ञाला आल्प्समधील पित्स ब्युइन शिखर चढताना ऊन लागले. त्याने १९४६ मध्ये आपले हिमनदीचे मलम बाजारात आणले, आणि एसपीएफ हा आकडा रूढ करण्यातही त्याचा मोठा वाटा आहे. या आकड्याचा अर्थ सोपा आहे. ३० एसपीएफ म्हणजे कातडी भाजवणाऱ्या किरणांचा सुमारे तिसावा भाग आत येतो, ५० म्हणजे पन्नासावा. दोहोंतला फरक वाटतो त्यापेक्षा बराच थोडा.

टिकण्याच्या बाबतीत जुना आणि भरवशाचा घटक म्हणजे झिंक ऑक्साइड, जस्तापासून होणारी पांढरी पूड. क्रिकेट पाहणाऱ्यांना ती ठाऊक आहे: दक्षिण आफ्रिकेचा अॅलन डोनाल्ड गालांवर पांढरे पट्टे ओढून गोलंदाजी करीत असे, ते हेच. आपल्या देशाला तर जस्ताची ओळख फार पूर्वीची. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे मध्ययुगातच जस्त ऊर्ध्वपातनाने मोठ्या प्रमाणावर काढले जात होते. ‘रसरत्नसमुच्चया’त त्याची कृती आहे. घामोळ्यांवर लावतो त्या गुलाबी कॅलामाइनमध्येही मुख्य द्रव्य झिंक ऑक्साइडच. ते पाण्यात विरघळत नाही आणि अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार अडवते. ते आरशासारखे किरण परतवते असा समज आहे, पण मुख्यतः ते किरण शोषून घेते.

आता ‘पाण्याने न जाणारे’ या शब्दांकडे वळू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये केलेल्या नियमानुसार तेथे कोणत्याही उन्हाच्या मलमावर ‘वॉटरप्रूफ’ असे छापता येत नाही, कारण असे मलम अस्तित्वातच नाही. छापता येते ते ‘पाण्यात टिकणारे’, आणि तेही किती वेळ ते सांगून: ४० मिनिटे किंवा ८० मिनिटे. चाचणीसाठी मलम लावलेल्या माणसांना हलत्या पाण्यात वीस-वीस मिनिटे ठेवतात, मध्ये वाळू देतात, आणि शेवटी एसपीएफ मोजतात. ऑस्ट्रेलियात चार तासांपर्यंतचा दावा चाचणीनंतर करता येतो. टिकण्याचे गुपित तेलकट घटकांत, मेणांत, सिलिकोनमध्ये आणि कातडीवर पातळ पापुद्रा धरणाऱ्या पॉलिमरमध्ये असते. हा पापुद्रा पाण्यापेक्षाही पुसण्याने अधिक जातो. टॉवेल, बाही, लाइफ जॅकेटचा पट्टा, घाम निपटणारा हात हे त्याचे खरे वैरी. म्हणून अंगावर काहीही छापलेले असो, दर दोन तासांनी आणि अंग पुसल्यावर लगेच पुन्हा लावा, अशीच सूचना सर्वत्र दिलेली असते.

दुसरी गोष्ट मात्रेची. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावून होते. व्यवहारात माणसे त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतात, आणि मग ५० चा आकडा कागदावरच राहतो. चेहरा व मान यांना एक चहाचा चमचा आणि प्रत्येक हाताला एक, असा ढोबळ हिशेब धरला तर एका वेळेला सुमारे पंधरा ग्रॅम लागतात. पन्नास ग्रॅमची नळी तीन वेळांत संपली. दिवसातून चार वेळा लावायचे म्हणजे नळी एक दिवसही पुरायची नाही. हंगामी मजुरीवरच्या मुलाने हा खर्च करावा कसा? “पहिल्याच धारेला वाहून जाते” या त्याच्या तक्रारीचा अर्धा उलगडा येथेच झाला. महाग वस्तू तो चिमटीने लावत होता.

तेव्हा घरी करण्याचा विचार आला, आणि नजर साहजिकच भिरंडेलाकडे गेली. कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, गर कुटून पाण्यात उकळायचा. वर तरंगणारे तेल गार होताना मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून त्याला मुठेलही म्हणतात. आपले कानडी शेजारी त्यालाच मुरुगल तुप्प म्हणतात. थंडीत भेगाळलेल्या टाचांवर आपल्या आज्या हेच लावीत. हे तेल सुमारे ३८ ते ४० अंशांना वितळते, म्हणून आपल्या उन्हाळ्यातही बहुधा घट्ट राहते आणि अंगावर चोळल्यावरच मऊ होते. त्यात थोडे मधमाशांचे मेण, जे साठ अंशांच्या पुढे वितळते, आणि औषधाच्या दुकानातून आणलेली झिंक ऑक्साइडची पूड, एवढे साहित्य आम्ही जमवले. पूड श्वासात जाऊ नये म्हणून नाकातोंडाला फडके बांधले, मंद आचेवर तेल व मेण एकत्र केले आणि पूड घोटून घोटून मिसळली. पांढरट, कडक, पाणी लागताच थेंब ओघळून जाईल असे मलम तयार झाले. मुलाने ते तीन दिवस नदीवर वापरून पाहिले.

टिकाऊपणात ते उत्तम ठरले. दुपारी परत आला तेव्हाही नाकावर पांढरे दिसत होते. पण त्याने दोन गोष्टी सांगितल्या. बोटांना लागलेला अंश साबणानेही लवकर जात नाही आणि वल्हे हातातून निसटते. खळाळात वल्हे निसटणे म्हणजे सहा-आठ माणसांचा जीव टांगणीला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: हाताच्या पाठीवर मलम लावलेल्या जागेतच मधले मधले ठिपके भाजले होते.

याचे कारण समजून घेतल्यावर तो प्रयोग आम्ही तेथेच थांबवला. झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांना एकमेकांना चिकटून गुठळ्या करण्याची सवय असते. कारखान्यात ते विशिष्ट यंत्रांनी आणि कणांवर लेप चढवून सारखे पसरवतात. खलबत्त्यात ते साधत नाही. डोळ्यांना पांढरा थर अखंड दिसतो, पण किरणांना त्यात वाटा सापडतात. शिवाय घरी केलेल्या मलमाचा एसपीएफ किती, हे मोजण्याचे साधन घरात नाही. कारखान्यातले तरी नेहमी लेबलाबरहुकूम उतरते असे नाही: ऑस्ट्रेलियातील चॉइस या ग्राहक संस्थेने २०२५ मध्ये तपासलेल्या २० मलमांपैकी १६ त्यांवर छापलेल्या आकड्याला उतरली नाहीत. चाचणी होणाऱ्या मालाची ही गत, तर चाचणी न झालेल्यावर मुलाची कातडी सोपवणे शहाणपणाचे नव्हे. खोबरेल, हळद, गाजराच्या बियांचे तेल यांच्या नावाने चालणाऱ्या कृतींनाही हेच लागू आहे. भिरंडेल कातडीला मऊ ठेवते, भेगा भरते. ते त्याचे काम आहे आणि ते त्याने करावे.

या मलमांतील काही द्रव्ये पाण्यातील जीवांना बाधतात काय, हाही प्रश्न आहे. प्रवाळांच्या काळजीने हवाईने ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या मलमांच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा २०१८ मध्ये केला आणि तो २०२१ पासून लागू झाला. पलाऊ देशाने २०२० पासून अशीच बंदी अमलात आणली. काळीत प्रवाळ नाहीत, पण मासे आहेत, मगरी आहेत, आणि दोन्ही तीरांवर व्याघ्रप्रकल्पाचे रान आहे. अंगाला कमीत कमी मलम लागेल अशी व्यवस्था नदीलाही मानवणारी.

ती व्यवस्था म्हणजे कापड. दाट विणीचा, लांब बाह्यांचा, लवकर वाळणारा सदरा घातला की हात, खांदे, पाठ यांना मलमाची गरज उरत नाही, आणि हा सदरा धारेने वाहून जात नाही. आपल्या बायाबापड्या लावणीच्या वेळी डोक्यावरून इरले घेत. पाऊस आणि ऊन दोहोंवर तोच उपाय. उरले नाक, गाल, कान, ओठ, मानेची मागची बाजू आणि हाताची पाठ. तेवढ्यापुरते विकतचे, चाचणी झालेले, पाण्यात टिकणारे, ३० किंवा ५० एसपीएफचे मलम, निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे आधी, कंजुषी न करता लावायचे. नाकावर व गालांवर झिंकची घट्ट कांडी फिरवायची, म्हणजे बोटांना काही लागत नाही. प्रत्येक फेरी संपून तराफा काठाला लागला की, चहा घेण्यापूर्वी, पुन्हा लावायचे. डोळ्यांना दोरीने बांधलेला काळा चष्मा. रात्री ओठांना आणि टाचांना भिरंडेल.

दिवसभर टिकणारे मलम आम्हाला मिळाले नाही, ते असे. पण टिकते काय, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर गावी सापडते. तेथे १९९२ ते १९९६ या काळात सोळाशेहून अधिक प्रौढ माणसांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना रोज सकाळी मलम लावण्यास सांगितले, बाकीच्यांना त्यांच्या मर्जीवर सोडले. दोन्ही गट त्याच गावचे, त्याच उन्हातले. तरी रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. त्यांचे मलम अवघे १६ एसपीएफचे होते. त्यांना वाचवले ते रोजच्या नेमाने.

आता एक गोष्ट आपल्या समाजापुढे ठेवावीशी वाटते. नदीवर नेणारे व्यावसायिक मुलांना हेल्मेट देतात, लाइफ जॅकेट देतात, कारण बुडणे एका क्षणात होते आणि सर्वांना दिसते. ऊन वीस वर्षे घेते. तोवर मुलगा त्या कामावर नसतो आणि विचारणाराही कोणी नसतो. आमचा पुतण्या जेथे काम करतो तेथे सदरा आणि मलम ज्याचे त्याने आणायचे, असा रिवाज आहे. बहुतेक ठिकाणी तोच असावा. या कामावरची बरीच मुले आपल्याच तालुक्यातली, कुणब्यांची, आपल्या मराठी घरांची, रामनगरला उठून गेलेल्यांची. एकदा आपल्या वडीलधाऱ्यांनी पाण्यासाठी घर दिले. नातवंडांनी कातडी आणि डोळे द्यावेत हे बरे नव्हे. लांब बाह्यांचे चार सदरे आणि हंगामाला पुरेल एवढे मलम हा खर्च लाइफ जॅकेटच्याच खात्यात धरावा, असे आपल्यापैकी ज्यांचे त्या व्यावसायिकांशी येणेजाणे आहे त्यांनी आवर्जून सांगावे. मुलांनी सांगितले तर नाजूकपणा ठरतो. वडिलांनी सांगितले तर व्यवहार ठरतो.

पुतण्याचे म्हणाल तर ओठ बरा झाला आहे. डोळ्यातला पडदा तेवढाच आहे, वाढलेला नाही, आणि डॉक्टर दर सहा महिन्यांनी पाहतात. नाकावर पांढरा पट्टा ओढून निघतो तेव्हा आजी विचारते, भस्म कोणत्या देवाचे लावलेस? तो म्हणतो, सूर्याचे. अलीकडे तो तराफ्यात बसण्यापूर्वी पर्यटकांनाही कांडी देतो आणि हेल्मेटचा पट्टा आवळण्याच्या आधी ती लावून घ्या म्हणून सांगतो, कारण पट्टा आवळल्यावर कानामागची जागा राहून जाते.